जागच्या जागी

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका घरी आंधळी कुत्री दत्तक घेण्यासाठी बघायला मंडळी आली होती. नवरा, बायको आणि बारावीतला मुलगा. कुत्री गावठी, तांबूस रंगाची, मध्यम चणीची. सोफ्याच्या पायाला अंग टेकून बसली होती. गृहस्थ वाकले आणि तिच्या तोंडासमोर त्यांनी दोनदा हात हलवला. तिने डोळे मिचकावले. "दिसतंय की हिला थोडं थोडं," असं म्हणत ते एकदम सैलावून मागे टेकले. बाईंनाही हायसं वाटलं, मुलाने फोटो काढायला सुरुवात केली. कुत्रीला घर मिळेपर्यंत सांभाळणारी मुलगी मात्र चहाचे कप उचलत गप्प राहिली. खरं सांगावं तर हाताशी आलेलं घर जायचं आणि न सांगावं तर पंधरा दिवसांनी कुत्री परत यायची, अशी तिची पंचाईत झालेली दिसत होती. मला खुपलं ते त्या माणसांचं हायसं वाटणं. आंधळं कुत्रं घ्यायला आपण होऊन आलेल्या भल्या माणसांनाही ते मनातून जरा कमी आंधळं निघावंसं वाटत होतं.

हात हलवला की वारा लागतो. कुत्र्याच्या मिशांना आणि पापण्यांना तो कळतो आणि पापणी मिटते. त्यावरून दिसतं की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. म्हणून जाणता व्हेट कापसाचा बोळा घेतो आणि तोंडासमोर वरून अलगद सोडून देतो. कापसाचा आवाज होत नाही, वाराही लागत नाही. दिसत असेल तर मान बोळ्यामागून खाली जाते, नसेल तर कुत्रं तसंच समोर तोंड करून बसतं. मग टॉर्च मारून बाहुली आकसते का ते पाहतात. तेवढ्यावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण प्रकाशाने बाहुली आकसली तरी मेंदूपर्यंत चित्र पोचत असेलच असं नाही. शेवटी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये स्टूल आणि बादली आडवी ठेवून त्याला चालवतात, आधी दिवे लावून आणि नंतर दिवे मंद करून. काही कुत्र्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. दुपारी ती चांगली वावरतात आणि तिन्हीसांजेला धडका घेतात. घर शोधायला निघण्याआधी ही तपासणी व्हायला हवी, म्हणजे कोणी हात हलवला तर शांतपणे सांगता येतं, "काका, दिसत नाही हिला. अजिबात नाही."

हे सांगितल्यावर जी माणसं उठून जातात, ती त्याच दिवशी गेलेली बरी.

दृष्टी गेली कशाने, हा पुढचा प्रश्न. तो घेणाऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे, म्हणून त्याचं उत्तर कागदावर असावं. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत नेहमीची कारणं म्हणजे गाडीची धडक, डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, वेळेवर औषध न मिळाल्यामुळे चिघळलेली डोळ्याची जखम आणि गोचिडांपासून होणारा ताप. खारघरकडच्या गवताळ प्लॉटवर राहणाऱ्या कुत्र्यांच्या कानात बोट घातलं तर गोचिडांची रांगच लागते. या तापात डोळ्याच्या आत सूज येते, रक्तस्राव होतो, कधी डोळ्याचा मागचा पडदा सुटतो. लवकर लक्षात आलं तर डॉक्सीसायक्लिनच्या साधारण 28 दिवसांच्या कोर्सने आणि डोळ्याच्या थेंबांनी थोडीफार नजर वाचू शकते. पग आणि शिहत्झूची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात. भांडणात किंवा मानगूट जोरात धरल्यावरही डोळा बाहेर येऊ शकतो. मग मालक ते कुत्रं कुठल्या तरी नाक्यावर सोडून जातो. लॅब्राडोर आणि कॉकर यांच्यात पडदा आपोआप विरत जाण्याचा आनुवंशिक आजार असतो. त्याची सुरुवात रात्री न दिसण्यापासून होते. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनची आशा असते, पण मागचा पडदा शाबूत आहे का ते आधी पाहावं लागतं. ठाण्या-नवी मुंबईची माणसं मोठ्या तपासणीसाठी अजूनही परळ गाठतात, कोणी तिथल्या जनावरांच्या, लोक बैलघोड्याचं म्हणतात त्या हॉस्पिटलात तर कोणी पशुवैद्यकीय महाविद्यालयात.

यात सर्वात फसवं प्रकरण काचबिंदूचं. कुत्र्याच्या डोळ्याचा दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा असतो. तो 40-50 च्या वर गेला की डोळा ठणकतो. पण कुत्रं केकाटत नाही. कोपऱ्यात पडून राहतं, खाणं अर्धं टाकतं, कपाळ भिंतीला घासतं. लोक म्हणतात, "किती शांत आहे बिचारं!" नजर गेली असेल आणि दुखणं थांबत नसेल तर असा डोळा काढून टाकतात आणि पापणी शिवून घेतात. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात आणि ज्याला आपण स्वभावाने शांत समजत होतो, ते कुत्रं चप्पल पळवायला लागतं. गंमत अशी की बघायला येणाऱ्यांना शिवलेली पापणी बघवत नाही आणि निळसर पांढरा, चकाकणारा डोळा चालतो. प्रत्यक्षात हिशोब उलटा आहे. शिवलेल्या पापणीला पुढे औषध लागत नाही. तो निळसर डोळा मात्र जन्मभर दिवसातून दोनदा-तीनदा थेंब मागू शकतो. थेंबांची बाटली उघडली की साधारण महिन्याभरात टाकायची असते. हा खर्च घेणाऱ्याला पहिल्याच फोनवर, महिन्याच्या रुपयांत सांगावा.

आता घर कसलं हवं, याकडे येते. लोकांना वाटतं, आंधळ्या कुत्र्याला प्रेमळ घर हवं. प्रेमळ घर कुठल्याही कुत्र्याला लागतं. याला त्यावर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे जिथल्या वस्तू जागच्या जागी राहतात असं घर. कुत्रं घराचा नकाशा नाकाने, मिशांनी, पंजांनी आणि आवाजांनी डोक्यात मांडून ठेवतं. एकदा मांडून झाला की ते त्या घरात इतकं सहज फिरतं की पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. नकाशा बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून फोटो बघून रडणाऱ्या माणसांपेक्षा, ज्यांच्याकडे सांडशी वर्षानुवर्षं एकाच खिळ्याला टांगलेली असते, अशी माणसं मला जास्त खात्रीची वाटतात. निवृत्त जोडपी, शिस्तीची, थोडी तिरसट सुद्धा. "इथली खुर्ची तिथे गेलेली मला चालत नाही," असं म्हणणारे आजोबा घरच्यांना डोक्याला ताप वाटत असतील, पण आंधळ्या कुत्र्याला त्यांच्यासारखा माणूस मिळायचा नाही.

इथे आपल्या शहरांची एक अडचण आडवी येते. भाड्याच्या घराचा करार 11 महिन्यांचा. घोडबंदर रोडला राहणारं तरुण जोडपं मनाने कितीही चांगलं असलं तरी दर वर्षी-दोन वर्षांनी मानपाड्याहून कासारवडवलीला आणि तिथून आणखी कुठे सामान हलवत असतं. डोळस कुत्र्याला नवं घर दोन दिवसांत पाठ होतं, याला काही आठवडे लागतात. घर स्वतःचं असलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. नौपाड्यात आणि वाशीच्या जुन्या सिडको इमारतींत रिडेव्हलपमेंटचं वारं आहे. म्हणून फॉर्मवर नेहमीच्या प्रश्नांबरोबर हेही विचारावं: करार कधी संपतो, बिल्डिंग पाडायला जाणार आहे का, घरात लग्न किंवा बाळंतपण येऊ घातलंय का, रंगकाम कधी काढताय. लोक चमकून बघतात. भाड्याचं घर म्हणून नकार द्यावा असं मात्र नाही. घर बदललं तरी बेड, भांडं आणि पायपुसणी यांची एकमेकांतली मांडणी तीच ठेवणारी माणसं असतात. ते त्यांना आधी समजावून सांगायला लागतं, इतकंच.

घर बघायला जाल तेव्हा फक्त माणसांशी बोलून परत फिरू नका. उकिडवे बसा आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरून घर बघा. त्या उंचीवर कुत्र्याचं नाक असतं. सेंटर टेबलाची काच, पलंगाच्या लोखंडी पायाचा कोपरा, टीव्ही युनिटचं उघडं राहणारं दार, इस्त्रीची लोंबणारी वायर, हे सगळं तिथून दिसतं. एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा फोम चढवतात, तो हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. तो उभा चिरून टेबलाच्या कडेला बसवला की काम भागतं, महागडे कॉर्नर गार्ड लागत नाहीत. फिरत्या वस्तू खऱ्या घातक: कपडे वाळत घालायचा स्टँड, फोल्डिंगची खुर्ची, पॅसेजमध्ये काढलेल्या चपला, लादी पुसताना मधोमध ठेवलेली बादली. कामाला येणाऱ्या मावशींशी स्वतंत्र बोलावं, कारण लादी पुसायला खुर्च्या पलंगावर चढवणं आणि वेगळ्याच क्रमाने खाली उतरवणं रोज त्यांच्याच हातून होतं. फिनेल बंद. त्याचा दर्प वासाच्या सगळ्या खुणा झाकून टाकतो आणि चाटलं गेलं तर विषारीही आहे. देवघरातली उदबत्ती चालू राहू द्या, ती रोज एकाच जागी आणि एकाच वेळी लागते.

बाल्कनी मात्र नीट बघा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुत्र्याचं वजन पेलायला केलेली नसते. तळाशी तिचे हूक सुटलेले असतात आणि हात घातला की कोपरापर्यंत सहज जातो. बॉक्स ग्रिलच्या खिडकीखाली दिवाण असेल तर कुत्रं दिवाणावरून ग्रिलमध्ये उतरतं. तळाच्या पट्ट्यांत पाय अडकतो, म्हणून तिथे प्लायचा तुकडा टाकून घ्यावा. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या रो-हाउसात घरातल्या जिन्याला वर आणि खाली अशी दोन बेबी गेट लागतात. नवीन टॉवरची लिफ्ट सोपी, तिचा आवाज हीच खूण होते. जुन्या इमारतीतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये मात्र कुत्र्याला उचलूनच न्यावं, दाराखालच्या फटीत पंजा जातो. उचलण्याचाही नियम आहे: जिथून उचललं तिथेच किंवा त्याच्या बेडवरच खाली ठेवायचं. भलत्याच ठिकाणी ठेवलं तर आपण कुठे आहोत हे कळेपर्यंत ते गोल गोल फिरत राहतं.

पहिले काही दिवस एकच खोली. बेड भिंतीला लागून, पाण्याचं भांडं जड स्टीलचं किंवा चिनी मातीचं, खाली रबरी मॅट. छातीपट्टा घालून, आखूड दोरीने, भिंतीच्या कडेने बेडपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत न्यायचं आणि त्याच वाटेने परत आणायचं. तीच वाट पुन्हा पुन्हा. ती वाट सोडून स्वतःहून खोलीच्या मध्ये यायला लागलं की दुसरी खोली उघडायची. दारादारात वेगळ्या पोताची पायपुसणी घातली, काथ्याचं बाहेर, कापडी स्वयंपाकघरापाशी, रबरी न्हाणीपाशी, तर पंजाला खोली कळते. शब्द मोजके आणि घरातल्या सगळ्यांचे सारखे हवेत: "थांब", "पायरी", "हळू". आई "थांब" म्हणते, मुलगा "स्टॉप" म्हणतो आणि आजी "ए, ए, ए" करते, तिथे कुत्र्याच्या नाकाचा शेंडा सोलतो. त्या नाकावर लक्ष ठेवाच. घेणाऱ्याने दर आठवड्याला पाठवलेल्या व्हिडिओत नाकाच्या वरच्या भागावर नवीन खपली दिसली तर समजावं, घरात काहीतरी जागचं हलतंय. पायरीपाशी आलेलं आंधळं कुत्रं बघण्यासारखं असतं. पुढचा एक पंजा कवायतीत उचलावा तसा उंच जातो, क्षणभर हवेत थांबतो, मग खाली येऊन कड चाचपतो, आणि तोवर मागचं सगळं अंग बसकण मारल्यासारखं मागे रेललेलं असतं. त्या वेळी ओढू नये. बोलावंही नये.

हात लावण्याआधी नाव घ्यायचं, हे लहान मुलं असलेल्या घरात दहा वेळा सांगावं लागतं. झोपलेल्या आंधळ्या कुत्र्याला अचानक स्पर्श झाला तर ते दात लावू शकतं आणि मग "चावरं निघालं" म्हणून ते परत येतं. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्या पट्ट्याला घुंगरू बांधावं. खाली फिरायला नेताना गल्लीतल्या कुत्र्यांचा अंदाज आपणच ठेवायचा. ती टवकारलेले कान, ताठ शेपूट, रोखलेली नजर यांतून आधी इशारा देतात. आपल्याला तो दिसतो, याला दिसत नाही. हे सरळ त्यांच्या अंगावर चालत जातं आणि त्यांच्या लेखी तो उद्धटपणा ठरतो. फीडर खाणं घालतात ती वेळ आणि तो कोपरा टाळावा.

घर द्यायचा मुहूर्तही बघावा लागतो, पंचांगातला नव्हे. गणपतीच्या आधी देऊ नये, दिवाळीच्या आधी तर नाहीच. ज्याचा अर्धा नकाशा आवाजांवर बेतलेला आहे, त्याला नव्या घरातल्या पहिल्याच आठवड्यात ढोलताशा आणि सुतळी बॉम्ब ऐकू आले तर ते पलंगाखाली जातं ते बाहेरच येत नाही. पावसाळ्यात बाहेरच्या वासाच्या खुणा धुऊन जातात आणि पाठ झालेला फाटकापर्यंतचा रस्ता पुन्हा अनोळखी होतो. त्यात लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती, म्हणून तुंबलेल्या पाण्यात पाय नको आणि लसीच्या कार्डावर रेबीजबरोबर लेप्टोची नोंद आहे ना, तेही पाहून घ्यावं.

जाहिरात करताना "बिचारा" हा सूर आधी काढून टाकावा. वय, लिंग, आकार, स्वभाव, नसबंदी, लसीकरण, मग "दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, कारण अमुक, दुखणं नाही, औषध नाही" असं सरळ लिहावं. करुण फोटोला खूप हृदयं मिळतात, फोन मात्र येत नाहीत. त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करावा: भांड्याचा आवाज झाला, कुत्रं उठलं, खुर्चीला वळसा घालून भांड्यापाशी आलं. तो बघून येणारे फोन वेगळे असतात. "आम्ही पुण्य म्हणून घेऊ" असं न म्हणता ते "रात्री एकटं झोपतं का?" असं विचारतात. जातिवंत कुत्र्यासाठी भराभर फोन आले तर सावध व्हावं. नसबंदी झाल्याशिवाय मादी कोणाच्याही हाती देऊ नये, पिल्लांसाठी नेणारे असतात आणि त्यांना आईला दिसतं की नाही याचं सोयरसुतक नसतं.

प्रत्येक आंधळ्या कुत्र्याला घर हवंच, असं मात्र मला वाटत नाही. सानपाड्याच्या एखाद्या सेक्टरातल्या आतल्या गल्लीत वयस्कर आंधळं कुत्रं वर्षानुवर्षं राहतं. वॉचमनची खुर्ची, दुधाचं दुकान, गटाराचं झाकण, सगळं त्याला पाठ असतं. तिथे रिक्षावालेही त्याला चुकवून जातात. त्याला उचलून चौदाव्या मजल्यावर नेणं हे कधीकधी आपल्याच समाधानासाठी असतं. पण गल्ली खोदायला घेतली, वॉचमन बदलला, दुकान बंद झालं, की तोच म्हातारा दोन दिवसांत गाडीखाली येऊ शकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि निर्णय दर वेळी त्या गल्लीकडे बघून घ्यावा लागतो. जन्मभर घरात राहून आंधळं झालेलं आणि कोणीतरी सोडून दिलेलं कुत्रं असेल, तर मात्र विचार करायला वेळ नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. दत्तक करार लेखी असावा, ओळखपत्राची प्रत घ्यावी, आणि जमलं नाही तर परस्पर तिसऱ्याला न देता देणाऱ्याकडेच परत आणू, ही ओळ त्यात ठळक असावी. सोडून देणाऱ्याला कायद्याचा धाक घालण्यात अर्थ नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे, म्हणजे फार तर दोन वडापाव आणि चहा. सोसायटीने लिफ्ट बंद केली किंवा कुत्रंच ठेवू नका म्हटलं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवावी. महापालिकेचा परवाना घेणाऱ्याच्या नावावर काढून द्यावा. कुत्रं त्यांच्या घरी आपण स्वतः दिवसाउजेडी नेऊन पोचवावं, मॉलच्या पार्किंगमध्ये गाठ घालून हवाली करू नये. बरोबर न धुतलेली जुनी चादर द्यावी, आणि पुढचे काही आठवडे भेटायला जाऊ नये. सांभाळणाऱ्याचा आवाज ऐकून ते दार शोधायला लागतं. हे सांभाळणाऱ्याला जड जातं, आणि नेमकं तेव्हाच तिला रोज फोन करून "कशी आहेस?" विचारणारं कोणी नसतं.

आणि घर मिळालं की जाहिरातीच्या फोटोवरच मोठ्या अक्षरांत "घर मिळालं" लिहून तो सगळ्या ग्रुपवर फिरवावा. नुसती पोस्ट पुसून भागत नाही, व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड वर्षभर फिरत राहतो. खरं तर पहिल्या दिवशीच फोटोवर तारीख घालायला हवी. तरीही ऐरोलीहून, कळव्याहून, कधी पनवेलहून उशिरा फोन येतात: "ती आंधळी कुत्री आहे का अजून?" ती गेली, असं सांगून फोन ठेवू नये. एवढा जुना फॉरवर्ड बघून ज्याने नंबर फिरवला, त्याने आपल्याशी बराच विचार केलेला असतो. त्याला करार कधी संपतो ते विचारावं, मग दुसऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ पाठवावा.